यंत्राचा सातबारा



आजच्या व्याख्यानाचा विषय मी आधी जो कळवला होता तो असा होता : 'खणाखणांच्या विद्युत्-मापन उपकरणांचे प्रमाणित वर्णन'. तो फळ्यावर लिहून झाल्यावर संयोजकांपैकी एकाने माझ्या कानाशी लागून विचारले, "साहेब, लोक थांबतील ना?" मी म्हटले, फळा पुसा आणि 'यंत्राचा सातबारा' असे लिहा. मंडळी थांबलेली दिसतात. तेव्हा आता सातबाऱ्याचे नाव घेऊन मी तुमची फसवणूक केलेली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी अशी या गावाची परंपरा आहे. इतिहाससंशोधक त्यावर काय म्हणतील ते म्हणोत; मला त्या कथेतला एक प्रसंग आज हवा आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणाच्या वेषात एका घरी उतरले होते. त्या घरावर बकासुराची पाळी आली. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि घरातले एक माणूस द्यायचे. घरात रडारड सुरू झाली. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. आणि गंमत पाहा, त्याच घरात, भिंतीच्या पलीकडे, त्या राक्षसाला मोडून काढील असा पुरुष बसलेला होता! पण घरधन्याला ते ठाऊक नव्हते, कारण पाहुण्याने आपली ओळख सांगितलेली नव्हती. कुंतीने तोंड उघडले म्हणून त्या घराचे निभावले.

ज्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत माझे आयुष्य गेले, तिथे असे मुके पाहुणे मी पुष्कळ पाहिले. त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

प्रथम ही उपकरणे म्हणजे काय ते सांगतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे मल्टिमीटर तुम्ही पाहिला असेल. त्याला डोळा आहे, म्हणजे काटा किंवा आकडे. आणि हात आहेत, म्हणजे बटणे. कारखान्यात दिवसाला हजार नग तपासायचे असले की हा डोळा आणि हे हात कामाचे राहत नाहीत. मग काय करतात, तर एक लोखंडी पेटी घेतात, तिला पुस्तकांच्या कपाटासारखे उभे खण असतात, आणि प्रत्येक खणात एक कार्ड सरकवतात. एक कार्ड व्होल्ट मोजते, दुसरे ठरावीक लहरी निर्माण करते, तिसरे नुसते तारांची जोडणी बदलते. रेल्वेच्या यार्डात सांधेवाला रूळ बदलतो ना, तसा. पेटीच्या पाठीमागून एक सामायिक रस्ता जातो आणि त्यावरून संगणक प्रत्येक कार्डाशी बोलतो. एखादे कार्ड बिघडले तर ते काढायचे, दुसरे सरकवायचे; पेटी तीच. या सोयीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण याच सोयीच्या पोटात एक खोड दडलेली आहे, आणि ती मला फार महागात शिकायला मिळाली.

मी तेव्हा एका कारखान्यात चाचणी विभागात होतो. विद्युत्-पुरवठ्याच्या छोट्या पाट्या तिथे तयार होत. एका वेळी सात पाट्या मांडायच्या, आठव्या जागेवर एक पक्की, पारखलेली पाटी कायमची जोडलेली असायची. तिला आम्ही 'गुरुपाटी' म्हणत असू. जोडणी बदलणारे कार्ड एकेका पाटीकडे तार वळवी, मीटर मोजी, आणि संगणक त्या जागेपुढे 'पास' किंवा 'नापास' असा शेरा लिही. गुरुपाटी महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला मोजायची. ती बरोबर आली म्हणजे सारी मांडणी ठीक. आमच्या एका ज्येष्ठ कारागिरांनी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत हे सारे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते : जोडणी-कार्ड, जागा १ ते ८. हे गृहस्थ निवृत्त झाले, वही राहिली.

पुढे एका महिन्याच्या वीस तारखेला ते जोडणी-कार्ड जळाले. त्याच कंपनीचे नवे कार्ड आले. जुन्याला आठ जागा होत्या, याला सोळा. पुढची जोडणीपट्टी तंतोतंत बसली. संगणकाने हुकूम सोडले, कार्डाने प्रत्येक हुकुमाला 'होय, केले' असे उत्तर दिले. आम्ही खूश. आता यात चूक कुठे झाली ते नीट ऐका. जुने कार्ड जागा मोजी एकपासून. नवे कार्ड मोजी शून्यापासून. म्हणजे संगणक म्हणे 'एक', आणि कार्ड तार वळवी दुसऱ्या पाटीकडे. पहिली पाटी कधी तपासलीच गेली नाही. चौथी पाटी वाईट असली की नापासाचा शेरा तिसरीपुढे पडे. सातव्या जागेला तर भाग्य उघडले होते. तिच्या नावावर गुरुपाटी मोजली जाई, आणि गुरुपाटी नापास कशी होणार?

अकरा दिवस आम्ही चांगल्या पाट्या भंगारात टाकत होतो आणि वाईट पाट्या खोक्यात भरून गिऱ्हाइकाकडे पाठवत होतो. पहिल्या तारखेला गुरुपाटी मोजायला घेतली तेव्हा संगणकाने आठवी जागा मागितली, कार्डाने नववी दाखवली, तिथे काहीच जोडलेले नव्हते, आणि पडद्यावर आले शून्य व्होल्ट. तेव्हा डोळे उघडले. कार्ड बिघडलेले नव्हते. वही खोटी नव्हती. ती जुन्या कार्डाविषयी अगदी खरी होती. कार्यक्रम लिहिणाऱ्यानेही चूक केली नव्हती. नव्या कार्डाच्या माहितीपुस्तकात शून्यापासून मोजावे हे स्पष्ट छापलेले होते. फक्त ते संगणकाला वाचता येईल अशा जागी कोठेही नव्हते.

आता सातबाऱ्याकडे येतो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी तो असेल. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. असे एकूण २१ गाव नमुने आहेत. त्यात नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही. या कागदाला आपण शिव्या घालतो, पण त्याचे मोठेपण कशात आहे ते पाहा. जमिनीची कथा त्यात कोणी आपल्या भाषेत सांगत नाही. रकाने आधीच ठरलेले आहेत. गट क्रमांक इथे, क्षेत्र इथे, तेही हेक्टर-आर मध्येच; आकारणी इथे, भोगवटादाराचे नाव इथे, इतर हक्क इथे. पटवारी म्हणा, तलाठी म्हणा, केळझरचा असो की सावंतवाडीचा, त्याने भरलेला कागद दोन्हीकडे सारखाच वाचता येतो. आणि म्हणूनच पुढे हे कागद संगणकावर चढवता आले, २०२१ साली शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणी सुरू करता आली. संगणक आला म्हणून नमुना आला असे झाले नाही. नमुना आधीपासून होता, म्हणून संगणकाला काही करता आले.

आमच्या त्या कार्डाला सातबारा नव्हता, एवढेच माझे म्हणणे.

अशा कार्डांचा सातबारा असावा हे जगाला कळायला किती वर्षे लागली ते थोडक्यात सांगतो. युरोपातल्या अणुप्रयोगशाळांनी १९६९ साली 'कॅमॅक' नावाचे प्रमाण ठरवले. पेटीला २५ खण, उजवीकडचे शेवटचे दोन नियंत्रकासाठी राखीव. कार्ड किती रुंद, पाठीमागची कोणती तार कशाची, सारे ठरलेले. हुकूम म्हणजे तीन आकडे : कितवा खण, त्यातला कितवा पोटपत्ता, आणि बत्तीसपैकी कितवे काम. आपल्या मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९८८ साली कुलाब्याला पेलेट्रॉन प्रवेगक उभारला. तिथल्या प्रयोगांची मोजमापे वर्षानुवर्षे अशा कॅमॅक पेट्यांतून घेतली गेली, आणि ती गोळा करणारी 'लॅम्प्स' नावाची संगणक-प्रणाली आपल्याच लोकांनी रचली. कॅमॅकने शरीर एकसारखे केले, यात शंका नाही. परंतु कार्डाने स्वतःविषयी काही सांगावे अशी सोय त्यात नव्हती. हुकूम मिळाला की ते एका तारेवरून 'समजले' एवढे कळवी. आमचे कार्डही अकरा दिवस हेच कळवीत होते!

त्यानंतरचा टप्पा भाषेचा. मोजमापाची उपकरणे तारेने जोडण्याची एक रीत अमेरिकेत १९७५ साली प्रमाण ठरली. पण तारेवरून काय बोलायचे ते ज्याचे त्याने ठरवावे असा कारभार होता. कोणा मीटरला 'एफ एक' म्हटले की तो व्होल्ट मोजी, दुसऱ्याला तेच म्हटले की तो गप्प बसे. १९८७ साली ठरले की प्रत्येक उपकरणाला 'तू कोण?' असा एकच प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि त्याने चार गोष्टी, मध्ये स्वल्पविराम देऊन, सांगितल्या पाहिजेत : बनवणारा कोण, नमुना कोणता, अनुक्रमांक काय, आणि आतल्या कार्यक्रमाची आवृत्ती कितवी. त्याच वर्षी पाच अमेरिकन कंपन्यांनी मिळून 'व्ही-एक्स-आय' ही नवी पेटी काढली. तिच्यातले प्रत्येक कार्ड बनवणाऱ्याचा क्रमांक आपल्या कपाळावर घेऊनच येते. १९९० साली हुकुमांचीही एक सामायिक भाषा झाली. १९९७ साली 'पी-एक्स-आय' ही लहान, स्वस्त पेटी आली, आणि आज कारखान्यांतून तिचे चलन मोठे आहे.

आता तुम्ही म्हणाल, झाले की! पाहुणा नाव सांगू लागला. नाही, मंडळी. नाव सांगणे म्हणजे वर्णन नव्हे. भीमाने 'मी भीम, कुंतीचा दुसरा पुत्र, आवृत्ती अमुक' असे सांगितले असते तरी, ज्याने भीमाचे नाव कधी ऐकले नाही त्या घरधन्याला काय कळले असते? त्याला हवे होते ते दुसरेच. याला किती बळ आहे, काय खातो, कोणाशी लढू शकतो, आणि ते बळ शेवटचे कधी पारखले? आमचे नवे कार्डही विचारल्यावर नाव बरोबर सांगत होते. शून्यापासून मोजतो हे सांगायला त्याच्याजवळ रकानाच नव्हता.

तो रकाना देणारे प्रमाण पुढे आले. त्यामागे रेटा होता तो अमेरिकन लष्कराच्या चाचणीयंत्रांचा. विमाने चाळीस-चाळीस वर्षे उडतात, आणि ती तपासणारी उपकरणे पाच-दहा वर्षांत बाजारातून नाहीशी होतात. जुन्या मीटरच्या जागी नवा बसवायचा तर चाचणीचे सारे कार्यक्रम पुन्हा लिहावे लागत. म्हणून विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १६७१ क्रमांकाची एक प्रमाणमाला तयार केली. तिचा मुख्य भाग २०१० सालचा, आणि उपकरणाच्या वर्णनाचा नमुना २०१२ सालचा आहे. त्या नमुन्यात काय काय भरावे लागते? ओळख तर आहेच. शिवाय उपकरण काय करू शकते, कोठपासून कोठपर्यंत, किती चुकीच्या मर्यादेत. त्याला जोडण्या किती, प्रत्येकीचे नाव काय. वीज किती लागते. किती उष्णतेत चालते. हे सगळे साध्या मजकुरात, पण खुणांच्या कोंदणात बसवून लिहायचे. माणसालाही वाचता यावे आणि यंत्रालाही. नमुन्याबरोबर नमुन्याचा पहारेकरीही असतो. व्होल्टच्या रकान्यात कोणी 'पुरेसे' असे लिहिले तर तो कागद परत पाठवतो. पटवाऱ्याकडे असा पहारेकरी असता तर आपल्या वकिलांपैकी कितीजण बेकार झाले असते!

अशा पद्धतीत कार्यक्रम कार्डाला 'आठ नंबर' असे म्हणत नाही. तो म्हणतो, गुरुपाटीची जोडणी मला हवी. मधला दुभाषा वर्णन वाचतो आणि या कार्डावर ती जोडणी सातव्या आकड्याने मिळते हे शोधून काढतो. आमचे अकरा दिवस त्यात वाचले असते.

एककांचा रकाना वेगळा असणे किती महत्त्वाचे, याचे एक उदाहरण जगाला ठाऊक आहे. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे एक यान मंगळापाशी पोचून नष्ट झाले. जमिनीवरचा एक कार्यक्रम जोराचे आकडे पौंडांत देत होता, दुसरा ते न्यूटन समजून घेत होता. आकडे होते, एकक सांगायला कोणी नव्हते.

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर कोठे उभा राहिला असेल, तर तो पुणे जिल्ह्यात, नारायणगावाजवळच्या खोडदला. तिथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; १४ मध्यभागी दाटीने, आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात शेतांमधून विखुरलेल्या. प्रत्येक तबकडीपाशी तिला फिरवणारी यंत्रणा, ग्रहण करणारी यंत्रणा, उष्णता आणि वारा पाहणारी यंत्रणा. म्हणजे आमच्या सात पाट्यांच्या मांडणीच्या ठिकाणी तीस ठाणी, आणि हुकूम सोडणारी खोली एक. जगभरच्या शास्त्रज्ञांना ती २००२ पासून खुली आहे. पुढे तिचे नूतनीकरण झाले तेव्हा जुनी नियंत्रणव्यवस्था बदलणे भाग होते, आणि त्यासाठी 'टँगो' नावाची चौकट घेतली गेली. ही चौकट मूळ फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या क्ष-किरण प्रयोगशाळेतली. तिचा नियम असा की प्रत्येक उपकरणाने आपले हुकूम कोणते आणि आपली मोजमापे कोणती हे विचारल्यावर स्वतःच सांगायचे. आणि प्रत्येक मोजमापापुढे त्याचे नाव, वर्णन, एकक, किमान व कमाल मर्यादा, आणि कोणत्या आकड्याला धोक्याची घंटा वाजवायची, हे रकाने असायचे.

याच सुमारास दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथे 'स्क्वेअर किलोमीटर अॅरे' ही आंतरराष्ट्रीय दुर्बीण उभारण्याचा घाट घातला गेला. आफ्रिकेत १९७ तबकड्या, ऑस्ट्रेलियात १ लाख ३१ हजारांहून अधिक छोट्या अँटेना. कोणता भाग कोणत्या देशात तयार होतो याचा मेळ नाही. एकाची मोटार, दुसऱ्याचा ग्राहक, तिसऱ्याचा संगणक. या सर्वांना एका सूत्रात ओवणारी जी व्यवस्था, तिच्या आराखड्याचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आले. टाटा कन्सल्टन्सी आणि पर्सिस्टंट या कंपन्यांचे पुण्यातले अभियंते त्यात होते. २०१५ साली सगळ्या देशांनी मिळून तीच टँगो चौकट पत्करली. या प्रकल्पातल्या भारताच्या सहभागासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केल्याचे २०२४ च्या आरंभी जाहीर झाले. पैशाचा आकडा मोठा आहे, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुण्याच्या वाट्याला आलेली कामगिरी. तबकडी कोणी ओतली याला मान आहेच. पण सर्वांच्या तबकड्यांनी आपली ओळख कोणत्या रकान्यांत द्यावी हे ज्या टेबलावर ठरते, तिथे आपली खुर्ची असणे ही साधी गोष्ट नव्हे.

आणि इथे मला एक खटकणारी गोष्ट बोलली पाहिजे. रकाने कोण ठरवतो, हा प्रश्न निरागस नाही. काही कंपन्या आपल्या कार्डाचे वर्णन आपल्याच गुप्त भाषेत ठेवतात. ते वाचायला त्यांचाच कार्यक्रम विकत घ्यावा लागतो. पेटी खुली, वर्णन बंद! कार्ड जळाले की त्यांच्याच दारात जायचे, ते म्हणतील तो भाव द्यायचा. छोटा कारखानदार, तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा, दुरुस्ती करून पोट भरणारा मुलगा, यांचे हात त्यात बांधले जातात. सावकाराने गहाणखत आपल्याच चोपडीत लिहून ठेवावे आणि चोपडी दाखवू नये, त्यातला हा प्रकार आहे. त्याबद्दल ओरड फारशी होत नाही, कारण ज्याचे नुकसान होते त्याला ते बहुधा कळतही नाही.

तशीच आमच्या बाजूचीही लबाडी सांगतो. नमुना कितीही चांगला असला तरी भरणारा कंटाळतो. १६७१ चा नमुना फार लांबलचक आहे, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. मग सक्तीचे रकाने कसेबसे भरायचे, आणि उरलेले सगळे 'शेरा' या रकान्यात कोंबायचे अशी वृत्ती होते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्याची आपण जी अवस्था केली आहे, कर्ज त्यात, कूळ त्यात, विहिरीचा वाटा त्यात, तीच अवस्था मी उपकरणांच्या वर्णनांची पाहिली आहे. शेऱ्यात लिहिलेले माणूस वाचील. यंत्र तिथून पुढे निघून जाईल.

शिवाय सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन ताब्यात आहे असे नसते, हे इथे कोणाला सांगायला नको. मीटरच्या वर्णनात लिहिलेली चुकीची मर्यादा हा एक दावा आहे. तो पारखावा लागतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपलेल्या प्रमाणांशी पायरीपायरीने नाते जोडावे लागते, आणि ते नाते शेवटचे कधी तपासले तो दिवस वर्णनात लिहावा लागतो. २००४ सालच्या एका प्रमाणानुसार तर संवेदकाच्या आतच एक चिमुकली स्मृती बसवतात, आणि तो दिवस तिच्यात नोंदतात. संवेदक कोठेही न्या, त्याचा फेरफार त्याच्या पोटातच राहतो.

वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले. मी येताना दोन वस्तू आणल्या आहेत, त्या या टेबलावर ठेवल्या आहेत. डावीकडचा मीटर चालू आहे. त्याला संगणकावरून 'तू कोण?' असे विचारले की तो चार गोष्टी सांगतो, ते मी आता दाखवतो. उजवीकडचे ते जळालेले जुने जोडणी-कार्ड, आठ जागांचे. त्या प्रकारानंतर नव्या कार्डाच्या कडेला आम्ही बॉलपेनने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली होती : 'पहिली जागा शून्य. विसरू नये.' जवळजवळ दोन वर्षे त्या कार्डाचे सगळे वर्णन तेवढेच होते. मुलांनी आधी पुढे यावे. उजवीकडच्या कार्डाला हात लावायला हरकत नाही.